ताईला काय आवडतं

सोमवार, २५ ऑगस्ट

धाकट्या मालकांनी आज सगळ्यांना वरच्या खोलीत बोलावलं आणि तीन अंकांची मुदत दिली. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. तेवढ्यात स्टॉलवरचा खप वर आला नाही तर मुखपृष्ठाचं काम बाहेरच्या एजन्सीला. बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, खिडकीकडे बघत होते, त्यावरून निर्णय अर्धामुर्धा झालाय हे कळलं. बाकीच्यांनी माना खाली घातल्या. बावीस वर्षं या मासिकाची मुखपृष्ठं मीच करतोय, तेव्हा बाहेर जाणार ते मीच.

घरी आलो तर हिने आतूनच विचारलं, "काय झालं? दार एवढं जोरात लावलंत ते?" मुखपृष्ठाबद्दल घरात बोलायचं नाही हा माझा जुना नियम, पण हा प्रश्न पोटाचा होता. सांगून टाकलं. ती म्हणाली, "तीनच महिने ना? निघतील." मग चहा टाकायला गेली.

एजन्सीवाल्यांनीच वर्षाच्या सुरुवातीला भेट दिलेली ही डायरी. कोरी पडली होती. आता त्यांच्याच डायरीत त्यांच्या नावाने खडे फोडावेत म्हणून लिहायला घेतली आहे.

गुरुवार, २८ ऑगस्ट

आज सल्लागार आला. वय माझ्या लेकीएवढं, बूट मात्र मालकांच्या बुटांपेक्षा भारी. पहिलाच प्रश्न त्याने टाकला, "आपली वाचक नक्की कोण आहे?" संपादकबाई शांतपणे म्हणाल्या, "ताई."

त्याला समजावून सांगावं लागलं. ताई म्हणजे थोरल्या मालकांनी जन्माला घातलेली आमची वाचक. पस्तिशीची, दोन मुलं, कामावरून परतताना भाजीची पिशवी सांभाळत स्टॉलपाशी क्षणभर थांबणारी. लेख असो, पाककृती असो, ऑफिसात सगळं एका प्रश्नाशी येऊन थांबतं: ताईला पटेल का? मी इथे चिकटलो तेव्हाही ती पस्तिशीचीच होती. संपादकबाईंचे केस पांढरे होऊन पुन्हा काळे झाले, माझं पोट सुटलं, थोरले मालक गेले, ताई आहे तिथेच आहे.

सल्लागार म्हणाला, ताईला सव्विशीची करू. तिला मोकळी जागा आवडते, मजकूर कमी, रंग फिकट. मी विचारलं, "तुम्ही भेटलात का तिला?" तो म्हणाला, "आमच्याकडे डेटा आहे." माझ्याकडे डेटा नाही. माझ्याकडे ही आहे.

रविवार, ७ सप्टेंबर

ऑक्टोबरची डमी आज तिपाईवर ठेवली.

हे कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहितो. मुखपृष्ठाची रंगीत प्रिंट काढायची, जुन्या अंकावर डिंकाने चिकटवायची, कडा कापायच्या, आणि रविवारच्या दुपारी बाकीच्यांच्या चार मासिकांबरोबर तिपाईवर टाकून द्यायची. मग पेपर उघडून बसायचं. ही चहा घेऊन येते, बसते, आणि हात पुढे करून एक मासिक उचलते. कुठलं उचलते एवढंच मी बघतो. विचारत काही नाही. विचारलं की माणूस समोरच्याचं मन राखतो, आणि ही तर लग्नाची बायको. हाताला मन राखता येत नाही.

पहिली कित्येक वर्षं ही खुशाल दुसऱ्यांची मासिकं उचलायची. माझा चहा घशाखाली उतरत नसे. मग सगळं मोडून पुन्हा करायचो, आणि खरं सांगायचं तर त्यातूनच शिकलो. गेल्या वर्षभरात मात्र एकदाही चुकली नाही, दर वेळी आमचाच अंक. उशिरा का होईना, मला ताई कळली म्हणायची.

आज तिने आधी पाचही मासिकांवरून सावकाश हात फिरवला, अंगठा कडेकडेने नेला, आणि आमचं उचललं. मग मान जराशी वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत बसली. हे हिचं अलीकडचं आहे. चित्रांतलं कळणारे लोक प्रदर्शनात असेच तिरपे बघतात. इतकी वर्षं माझ्या संगतीत राहून हिलाही नजर आली. फार बरं वाटलं आज. गेल्या पंधरा दिवसांत पहिल्यांदाच दुपारी झोप लागली.

शनिवार, १३ सप्टेंबर

एक गोष्ट लक्षात आली आहे. ही मुखपृष्ठ बघते तेव्हा मधल्या चेहऱ्याकडे बघतच नाही. कोपऱ्यात बघते. सोमवारी मुद्दाम जुने अंक समोर टाकून पाहिलं, प्रत्येक वेळी तेच. आणि आम्ही बावीस वर्षं काय केलं? मधोमध एक हसरा चेहरा, डोळे थेट गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत, आणि बाकीचं जागा उरेल तिथे. ताई त्या चेहऱ्याला कंटाळली आहे, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. तिला कडेचं हवंय.

ऑक्टोबरचं पुन्हा करायला घेतलं. चेहरा लहान केला. मासिकाचं नाव जाड काळं, मागे दणदणीत पिवळा. मथळे डाव्या कडेला, एकाखाली एक, ठसठशीत. संपादकबाई म्हणाल्या, "अहो, हे रस्त्यावरच्या पाटीसारखं दिसतंय." म्हटलं, "पाटी वाचता तरी येते." सल्लागाराने ओठ आवळले, पण मुदत माझी आहे, त्याची नाही. छपाईला गेलं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

ही आठवडाभर मागे लागली होती की स्वयंपाकघराच्या दाराची चौकट मधूनच वाकली आहे, एक दिवस पडेल कुणाच्या तरी डोक्यात. मला ती सरळच दिसत होती, पण घरातल्या गोष्टींत माझं कोण ऐकतं. शेवटी सुताराला बोलावलं. त्याने ओळंबा लावला, वरून खालून ठोकून बघितलं, आणि म्हणाला, "साहेब, ही चौकट माझ्यापेक्षा सरळ आहे."

हिने चौकटीवरून वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. "हो की," म्हणाली. "मला आपलं वाटलं."

सुतार हसत हसत गेला. ही मात्र बराच वेळ तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, अगं होतं असं, आता वय झालं आपलं. ती हसली, पण ओढूनताणून. बाईमाणसाला वयाचं बोललेलं आवडत नाही, मी तोंड बंद ठेवायला हवं होतं.

बुधवार, १ ऑक्टोबर

अंक आला. संध्याकाळी चौकातल्या स्टॉलच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे उभं राहून बघितलं. स्टॉलवाला मासिकं एकावर एक अशी अडकवतो की प्रत्येकाची डावी कड तेवढी दिसते. बाकीच्यांच्या कडांवर कुणाचा कान, कुणाचा खांदा. आमच्या कडेवर मजकूर. एवढ्या लांबून वाचता आला.

पलीकडे जाऊन चौकशी केली. तो म्हणाला, "जातोय बरा. पण खरं सांगू का, तुमच्या गिऱ्हाइकांना मी ओळखतो. त्याच बाया येतात, मी दुकान टाकल्यापासून. लांबूनच म्हणतात, आमचं ते काढून ठेव. बघतसुद्धा नाहीत." त्याला मुखपृष्ठातलं काय कळणार. जो माल न बघताच घेतला जातो तो काही वर्षानुवर्षांच्या मेहनतीशिवाय तसा होत नाही. दोन अंक मुद्दाम वर करून ठेवून आलो.

रविवार, ५ ऑक्टोबर

मायलेकींचं काहीतरी चाललंय. लेकीचा फोन आला की ही फोन घेऊन मागच्या खोलीत जाते. आज मी पाणी प्यायला उठलो तर कानावर पडलं, "नाही, त्यांना आत्ता नाही. हे तीन अंक जाऊ देत." मला बघून, म्हणजे माझी चाहूल लागून, विषय बदलला. पुढच्या वर्षी मी साठीचा होतो, त्याचं काही ठरवत असतील. मला असले समारंभ आवडत नाहीत हे दोघींना माहीत आहे. तरी मनातून जरा गुदगुल्या झाल्या, लिहायला हरकत नाही.

हल्ली ही शब्दकोडंही सोडवत नाही. आमच्याच मासिकातलं, वर्षानुवर्षं दर महिन्याला पेन्सिल घेऊन बसायची. विचारलं तर म्हणे कंटाळा आला. त्यापेक्षा मी पेपर मोठ्याने वाचलेला तिला बरा वाटतो. "तुम्ही छान वाचता हो," म्हणाली. एवढ्या वर्षांत आजच कळलं.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

खप वर आला. फार नाही, पण घसरगुंडी थांबली. सल्लागार म्हणतो, अंकाबरोबर शांपूची पुडी चिकटवली होती म्हणून. मी म्हणतो, डावी कड. धाकटे मालक दोघांकडे बघून हसले आणि म्हणाले, नोव्हेंबरला पुडी नको, मग कळेलच.

थकवा मात्र उतरत नाही. पूर्वी एक मुखपृष्ठ झालं की दोन दिवस हवेत असायचो. आता एक संपलं की दुसऱ्याचं ओझं मानेवर. जिने चढताना मध्ये थांबावं लागतं आणि लोकांना वाटतं मी भिंतीवरची चित्रं बघतोय.

रविवार, १२ ऑक्टोबर

नोव्हेंबरची डमी. पिवळाच, फक्त जरा गडद. नाव आणखी मोठं. हिने हात फिरवला, उचललं, तिरपं बघितलं, आणि मी काही न विचारताच म्हणाली, "पिवळा छान वाटतो डोळ्यांना." मी पेपरमधून मान वर काढली नाही. पण मनात म्हटलं, बाई, तुझ्या जिवावर हे घर चाललंय.

चहा ओतताना बोट कपात घालून बघते ही. "भाजलं तर?" म्हटलं, तर म्हणाली, "गरम आहे का ते बघते." काहीतरीच.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

आज बाजारात फार अवघडल्यासारखं झालं. समोरून संपादकबाई आल्या, हात वर केला, हसल्या, आणि ही त्यांच्याकडे ढुंकून न बघता पुढे चालत गेली. बाईंचा हात तसाच हवेत. मी काहीतरी सारवासारव केली. हिला नंतर म्हटलं, अगं, ओळख तरी द्यायची, माझं तिथे काय चाललंय माहीत आहे ना? ती म्हणाली, "माझं लक्ष नव्हतं हो. कोण होतं?" म्हटलं, संपादकबाई. तिचा चेहरा एकदम पडला. पुढे सगळ्या बाजारात माझा दंड धरून चालली. तरुणपणीसुद्धा कधी चारचौघांत असा दंड धरला नव्हता. मला राग धरवला नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

पुडी नव्हती, तरी खप टिकला. थोडा वाढलाच. ऑफिसात दोघांतिघांनी पाठीवर थाप मारली. सल्लागार मात्र हार मानणारा नाही. त्याने मालकांना सुचवलं की डिसेंबरसाठी एक मुखपृष्ठ माझं आणि एक एजन्सीचं, दोन्ही शेजारी शेजारी लावू, आणि खऱ्या वाचकांना बोलावून त्यांनाच निवडू दे. ज्याचं निवडतील त्याच्याकडे पुढचं सगळं काम. त्याने चार बायका ठरवल्यात. मालक म्हणाले, "पाचवी मी सांगतो. आपल्या वहिनींना बोलवा. बाबांच्या वेळेपासून एक अंक चुकवला नाही त्यांनी. त्यांच्याहून खरी वाचक कुठून आणणार?" मग माझ्याकडे वळून, "चालेल ना? कुठलं कुणाचं ते कुणालाच सांगायचं नाही. वहिनींनाही."

चालेल ना? मला टेबलावर चढून नाचावंसं वाटलं. साधासा चेहरा करून म्हटलं, "विचारून बघतो."

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ही येत नाही म्हणते. आधी म्हणाली गुडघे दुखतात. मग म्हणाली चारचौघांत बोलायची सवय नाही. मग म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं?" हिला कळत नाही तर कुणाला कळतं, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण ते सांगायचं म्हणजे तिपाईचं सगळंच सांगायला लागलं असतं. चिडलो. म्हटलं, आयुष्यभर तुझ्याकडे काही मागितलं नाही, एक तासाचं काम आहे, माझी भाकरी त्यावर आहे. नको इतकं बोललो. ती म्हणाली, "बरं. येते." थोड्या वेळाने विचारलं, "या वेळी पण पिवळंच ना?"

मी नुसतं हं केलं. नियम म्हणजे नियम. खरं तर डिसेंबरचं मी निळं केलं आहे. आमचा पिवळा बघून आता सगळा स्टॉल पिवळा व्हायला लागला, त्यात आपण हरवू. गडद निळा, त्यावर पांढरी अक्षरं, डाव्या कडेला. बावीस वर्षांत याच्याइतकं चांगलं काम हातून झालेलं नाही, हे मी माझ्या डायरीत तरी लिहू शकतो. डमी घरी ठेवणार नाही. ही जर बाकीच्या चौघींबरोबर पहिल्यांदा बघणार असेल, तर घरी आधी दाखवणं म्हणजे लबाडी.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

झालं.

भिंतीवर मोठ्या पडद्यावर दोन्ही मुखपृष्ठं टाकली. डावीकडे एजन्सीचं, उजवीकडे माझं. एजन्सीवाल्यांनी आमचाच पिवळा उचलला होता, आमचीच जाड अक्षरं, मधोमध कुणीतरी नटी. लाज वाटायला हवी होती. सल्लागाराच्या चार बायकांपैकी दोघींनी निळं म्हटलं, दोघींनी पिवळं. मग सगळे हिच्याकडे बघायला लागले.

ही बराच वेळ पडद्याकडे तिरपी बघत राहिली. मला धीर आला, कारण मला तिची ती नजर माहीत आहे. मग म्हणाली, "पिवळं."

सल्लागाराने विचारलं, का? ही एरवी परक्यांपुढे दोन शब्द बोलणार नाही. पण आज उठून उभी राहिली. म्हणाली, "हे ज्याने केलंय त्याला बाईमाणसाची पारख आहे. आजची नाही, फार जुनी. यात जीव ओतलाय, ते लांबूनही कळतं. हे काम त्याच्याच हातात असू दे. दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

संपादकबाईंनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. धाकटे मालक घसा साफ करून म्हणाले, "याला म्हणतात निःपक्षपाती." पडदा बंद झाला. आतल्या पानांचं काम माझ्याकडेच राहील, असं जाताना म्हणाले.

रस्त्यात ही माझा दंड धरून चालत होती. म्हणाली, "झालं ना तुमच्या मनासारखं?" वर हसत होती. इतकी वर्षं संसार करून एखादं माणूस इतकं जिव्हारी लागेल असं बोलू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

बुधवार, १२ नोव्हेंबर

दिवसभर बोललो नाही. दुपारी ती चहा घेऊन आली आणि म्हणाली, "काल आनंदाची बातमी, आणि आज असे गप्प?" मग मात्र माझा तोल गेला.

"त्यांचं निवडलंस तू," मी म्हटलं.

"कुणाचं?"

"एजन्सीचं. पिवळं त्यांचं होतं. माझं निळं होतं."

ती कप तिपाईवर ठेवायला गेली. कप कडेवर टेकला आणि खाली गेला. ती तशीच उभी. "निळं?" म्हणाली. "पण तुम्ही हं म्हणालात." मी चपला घालून बाहेर पडलो आणि अंधार पडेपर्यंत नुसता फिरत राहिलो. परत आलो तेव्हा कपाचे तुकडे तिथेच होते आणि ही फोनवर लेकीशी रडत होती. रडायचं कुणी आणि रडतंय कोण, असं तेव्हा माझ्या मनात आलं. आलं ते लिहितो.

शनिवार, १५ नोव्हेंबर

लेक सकाळी आली. बॅगही खांद्यावरून उतरवली नाही. दारातच म्हणाली, "बाबा, आईला मधलं दिसत नाही. कडेकडेचं दिसतं. वर्ष झालं."

मला आधी समजलंच नाही. मी म्हटलं, मधलं म्हणजे? ती म्हणाली, "मधलं म्हणजे मधलं. माणसाकडे बघितलं तर तोंडाच्या जागी धुरकट डाग असतो. तुमच्या मुखपृष्ठावरचा चेहरा तिने गेल्या वर्षभरात बघितलेला नाही."

मी आत गेलो. ही पलंगावर बसली होती. मी विचारलं, "आणि ते तिपाईवरचं? तू दर वेळी बरोबर उचलायचीस ते?"

"हाताला लागतं ना," ती म्हणाली. "तुमच्या अंकाला डिंकाची कड असते. बाकीचे गुळगुळीत असतात."

"तुला माहीत होतं मी बघतोय ते?"

"पहिल्या वर्षापासून. तुम्ही पेपर घेऊन बसायचात आणि पान काही उलटायचं नाही." जरा हसली. "आधी मी खरंच आवडेल ते उचलायची. तुम्ही तोंड पाडायचात, पण मग पुढचं फार चांगलं करायचात. म्हणून मुद्दाम खोटं नाही वागले. पण दिसेनासं झाल्यावर काय करणार? तुमची एकच तर वाचक मी."

मी म्हटलं, सांगायचं नाहीस का? तर म्हणाली, सांगणारच होते, लेकीने डॉक्टरांची वेळही घेतली होती. तेवढ्यात तुमची मुदत आली. म्हटलं ते तीन अंक निघू देत, मग जाऊ. तुमचं डोकं आधीच ठिकाणावर नव्हतं.

सगळा दिवस मी या खोलीतून त्या खोलीत जात होतो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई. यंत्रात डोकं ठेवून एक डोळा बघितला, दुसरा बघितला, चौकटीचौकटींचा कागद दाखवला. "रेघा सरळ दिसतात का वाकड्या?" ही म्हणाली, "मधून वाकतात. आमच्या दारासारख्या." मी भिंतीकडे बघत बसलो.

उजव्या डोळ्याचं आता काही होण्यासारखं नाही. मधली नजर गेली ती गेली. डाव्या डोळ्यात दर महिन्याला इंजेक्शन दिलं तर आहे तेवढी टिकेल. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं, मग पेन ठेवलं आणि विचारलं, "ऑगस्टमध्ये तुमच्या नावाची वेळ घेतलेली दिसते. तेव्हा आला असतात तर उजवाही बराचसा वाचला असता. का नाही आलात?"

ही म्हणाली, "घरात जरा काम चाललं होतं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. सांगायला हवं होतं की काम माझं होतं, की मी तिची मान वाकडी झालेली बघून तिला नजर आली म्हणत होतो, आणि त्या नजरेवर दोन अंक विकून पाठीवर थापा घेतल्या. काही सांगितलं नाही. लेकीने पुढच्या तारखा लिहून घेतल्या. मला स्वतःची एवढी शरम आयुष्यात कधी वाटली नव्हती.

सोमवार, २४ नोव्हेंबर

पहिलं इंजेक्शन झालं. ही म्हणते दुखलं नाही. लेक दोन आठवडे राहणार आहे.

ऑफिसात डिसेंबरचं पिवळं मुखपृष्ठ भिंतीवर लावलंय. सगळ्यांना हिचं कळलं आहे, संपादकबाई जागेवर येऊन बाजारातल्या त्या दिवसाबद्दल बोलल्या, डोळ्यांत पाणी होतं. धाकटे मालकही आले. म्हणाले, तुम्ही म्हणत असाल तर ती निवड रद्द करू, पुन्हा बघू. बावीस वर्षं ज्या खुर्चीसाठी जीव काढला ती कुणी अशी पुढे सरकवली, आणि मला ती नकोशी वाटली. म्हटलं, राहू दे, मी आतली पानंच करतो. आतल्या पानांतली अक्षरं मुंगीएवढी आहेत, तेवढी मोठी करून घेऊ द्या. ते बरं म्हणाले. त्यात हिंमत वगैरे काही नाही. दमलो आहे.

रविवार, ३० नोव्हेंबर

लेक बाहेर गेली होती, घरात आम्ही दोघंच. दहा दिवस मनात जुळवत होतो ते आज बोलायचं ठरवलं. खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसलो आणि सांगायला लागलो, की माझं चुकलं, मी बघायला हवं होतं, ज्याचं पोट बघण्यावर चाललं त्याला घरातलं दिसू नये. तिने ऐकून घेतलं. मग हात पुढे करून माझा गुडघा चाचपला.

"समोर नका बसू," म्हणाली. "समोर बसलात की नुसता आवाज येतो. तुम्ही नसताच. इकडे बाजूला या."

मी खुर्ची तिच्या डाव्या हाताला नेली.

"अजून थोडं मागे."

मी सरकलो. तिने मान भिंतीकडे वळवली, माझ्यापासून लांब, आणि तशीच थोडा वेळ बसून राहिली.

"हां," म्हणाली. "आता दिसलात. दाढी किती वाढवली आहे हो."